घोंगडीचा वास

सडलेल्या प्रेताचा वास सोडला, आणि लोक हसायला लागले.

बाणेरच्या त्या स्टुडिओत चाचणीसाठी बोलावलेली माणसं कोचांवर रेलून बसली होती. पडद्यावर विहिरीतून हडळ वर येत होती. नेमक्या त्या क्षणी प्रत्येकाच्या शेजारच्या गंधपेटीतून कुजक्या मांसाचा भपकारा सुटला. आधी सगळ्यांनी "शी! शी!" करत नाकं दाबली. मग एका जाड्या गृहस्थाने शेजारणीकडे रोखून पाहिलं, ती म्हणाली, "मी नाही हो!" आणि अख्खा हॉल खिदळला. हडळ बिचारी केस मोकळे सोडून विहिरीच्या काठावर ताटकळत राहिली.

काचेपलीकडे निमिष परुळेकरने कपाळावर हात मारून घेतला. भयमालिका काढणाऱ्या कंपनीचा तो मालक. प्रेक्षकाचं हसू म्हणजे त्याच्या धंद्यातला सगळ्यात मोठा अपशकुन.

"हेमांगी, आपण भूत विकतोय की पादणं?" तो म्हणाला.

हेमांगी बागणे त्याच्याकडे वास रचायची. त्या सुमारास घरोघरी टीव्हीच्या शेजारी गंधपेट्या येऊन बसल्या होत्या. जेवणाच्या डब्याएवढं यंत्र, आत रसायनांच्या बारीक कुप्या. त्यातले थेंब कमीजास्त मिसळून पेटी हवा तो वास काढायची. ओली माती म्हणा, जळका दोर म्हणा, इस्पितळाची नुकती पुसलेली फरशी म्हणा. चित्र आणि आवाज गोष्टीला पहिल्यापासून होतेच, आता वासही आला होता. त्या वासांच्या पाककृती लिहिणारी माणसं थोडी होती आणि त्यांत हेमांगीचं नाव वरचं होतं.

"प्रेताचा वास कुणी घेतलाय आयुष्यात?" निमिष येरझारा घालत म्हणाला. "लोकांना ओळखीचा वास पाहिजे. घरातलाच. म्हणजे मालिका संपली, पेटी बंद केली, तरी माणसाला वाटलं पाहिजे, अरे, अजून येतोय की!"

हेमांगीच्या डोक्यात चक्क प्रकाश पडला. त्या प्रकाशाला आग लागो, असं पुढे तिला हजारदा वाटलं. पण त्या दिवशी ती खूश होऊन घरी गेली.

घरी तिचे वडील होते. केशव बागणे, मूळ मिरजेचे. आई गेल्यावर हेमांगीनेच त्यांना पुण्याला आणलं होतं. तिचा नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातला बराच काळ समुद्रावर. त्यामुळे घरात ती, अण्णा आणि चौथीतली मुलगी तन्मयी.

अण्णांचा जन्म गेला जत्रांमधून भूत होण्यात. पाळणे, कुस्त्या, भेळेच्या गाड्या यांच्या पलीकडे काळ्या ताडपत्रीचा भूतबंगला उभा असतो ना, तो त्यांचा. आत अंधार, वाकडीतिकडी वाट, आणि एका वळणावर काळी घोंगडी पांघरून, तोंडाला लाकडी मुखवटा लावून बसलेले अण्णा. माणूस जवळ आलं की असे काही हंबरत उठायचे की भलेभले मिशीवाले बायकोच्या मागे लपत. मात्र त्यांचा एक रिवाज होता. भिववून झालं की मागच्या चोरवाटेने पळत जायचं आणि बाहेर पडायच्या दारात मुखवटा काढून उभं राहायचं. रडत बाहेर येणाऱ्या प्रत्येक पोराच्या हातावर संत्र्याच्या फोडीसारखी गोळी ठेवायची. "अरे, मीच होतो! बघ, हाच का तो?" असं म्हणायचं. पोरगं आधी गोळीकडे बघायचं, मग चेहऱ्याकडे, आणि नाक पुसत हसायचं. त्याशिवाय अण्णा पुढच्या गिऱ्हाइकाला आत सोडायचे नाहीत.

भागीदार चिडायचा. अण्णा म्हणायचे, "आत घेतलं तर बाहेर सोडायला नको? पोरगं भूत घेऊन घरी गेलं तर त्याची आई मला शिव्या घालंल."

मुखवटा वाळवीने खाल्ला. घोंगडी राहिली. अण्णा रोज तीच पांघरून झोपत आणि तन्मयी तिच्यात घुसून गोष्टी ऐकत असे. मोठ्या तापाच्या साथीत अण्णांचं नाक कायमचं गेलं होतं. दूध नासलेलंही त्यांना कळायचं नाही. तन्मयी मात्र घोंगडीत तोंड खुपसून म्हणायची, "आजोबा, तुमच्या भुताला किती मस्त वास येतो!"

"अण्णा, तुमची घोंगडी दोन दिवस नेऊ का ऑफिसात?" हेमांगीने विचारलं. "नव्या मालिकेतलं भूत म्हातारं आहे. त्याला हिचा वास द्यायचाय."

अण्णांची छाती फुगली. "म्हणजे माझं भूत पुन्हा कामाला लागलं म्हण की! ने की, ने. पण धुऊ नकोस बरं का, मुद्देमाल जाईल."

स्वतःच्या हाताने घडी घालून त्यांनी घोंगडी तिला दिली.

प्रयोगशाळेत हेमांगीने ती मोठ्या काचपात्राखाली ठेवली, आतली हवा हळूहळू ओढून घेतली आणि यंत्राकडून त्या हवेची फोड करून घेतली. लोकर होती, विडी होती, कापराचं मलम होतं, खवट झालेलं खोबरेल होतं. आणि या सगळ्यांच्या तळाशी नोनेनाल होतं.

हे नोनेनाल काय ते सांगितलं पाहिजे. चाळिशी उलटली की कातडीवरचं तेल हवेशी मिळून हळूहळू शिळं होतं आणि त्यातून हे रसायन निपजतं. बंद कपाटाचा, जुन्या पुस्तकाचा, जरासा काकडीचा असा तो वास. आजीच्या कुशीत शिरल्यावर येतो तोच. उटणं लावा, साबण घासा, तो पुरता जात नाही. मळाचा नसतोच तो, वयाचा असतो. प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला येतो, आणि जगलो वाचलो तर तुम्हाआम्हालाही येणार आहे.

आता या वासाची भीती कशी बसवायची? निमिषला भीतीही पुरेशी वाटत नव्हती. "भीती उतरते गं," तो म्हणाला. "दिवा लावला की उतरली. मला असं काहीतरी दे, जे उतरत नाही."

ते काय, हे हेमांगीला ठाऊक होतं. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं मेंदूत शिरताना आधी एका नाक्यावर थांबतं, तपासलं जातं. वासाला तो नाका नाही. तो सरळ आत घुसतो, जिथे आठवणी आणि भीती शेजारी शेजारी राहतात. त्यातून त्या वासाला मळमळीची जोड मिळाली की संपलंच. लग्नात श्रीखंड खाऊन एकदा ओकलेला माणूस पुढे वीस वर्षं श्रीखंडाचं नाव काढलं तरी पानावरून उठतो. दोष श्रीखंडाचा नव्हता, विहिरीच्या पाण्याचा होता, हे त्याला पक्कं माहीत असतं. पण पोटाला कोण समजावणार? पोट एकदाच शिकतं आणि मरेपर्यंत विसरत नाही. विषारी फळ दुसऱ्यांदा खाऊ नये म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे.

तर हेमांगीने घोंगडीच्या वासात ओकारीत असतं ते आम्ल घातलं. नाकाला कळणार नाही, पोटाला कळेल, इतकंच. आणि पडद्यावरचं चित्र त्या क्षणी जरासं डुलवायचं ठरलं, घाटात गाडी लागते तसं.

"हे जरा अति होतंय का?" तिने एकदा विचारलं.

"इतकंसं तर आहे."

"शेवटच्या भागात याला बाहेर पडायचं दार ठेवू या. भूत चेहरा दाखवतं, वगैरे. अण्णा करायचे तसं."

"पुढच्या वर्षी बघू," निमिष म्हणाला. तिनेही मान डोलावली. शंभर वेळा तो वास हुंगून पाहताना तिला स्वतःलाच ढवळून यायचं, आणि जमतंय म्हणून तिला आनंद व्हायचा. असा आनंद! शी!

मालिकेचं नाव 'उंबऱ्याखालचा'. मुलांनी उपाशी मारून उंबऱ्याखाली पुरलेला म्हातारा रोज घरात येतो आणि निजलेल्या माणसाच्या पायथ्याशी बसतो. तो दिसत नाही. फक्त त्याचा वास येतो आणि "जेवलात का रे?" असा आवाज येतो.

मालिका अशी चालली की विचारू नका. गल्लीबोळांत तेवढ्या वेळापुरता शुकशुकाट. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, दुसरं बोलणं नाही. अण्णा सोसायटीच्या बाकावर बसून येईल जाईल त्याला सांगायचे, "तो म्हातारा म्हणजे मी बरं का! माझ्या घोंगडीचा वास आहे तो!"

पहिल्यांदा लोकांनी कौतुक केलं. मग लोक त्या बाकावर त्यांच्या शेजारी बसेनासे झाले.

हे एकट्या अण्णांचं झालं नाही, सगळीकडेच झालं. बसमध्ये म्हातारं माणूस चढलं की भोवतीच्या जागा रिकाम्या होऊ लागल्या. कोपऱ्यावरचा केस कापणारा पिकल्या डोक्याच्या गिऱ्हाइकाला "आज गर्दी आहे, काका" म्हणून परत पाठवू लागला, आणि दुकानात चिटपाखरू नसायचं. वरच्या मजल्यावरच्या चाफेकरबाईंनी सासऱ्यांचं ताट गॅलरीत मांडायला सुरुवात केली. "त्यांना मोकळी हवा लागते हो," असं वर तोंड करून सांगायच्या. सासरे पत्रावळीवरल्या कुत्र्यासारखे बाहेर बसून जेवायचे आणि आतून सरकतं दार लावलेलं असायचं. वृद्धाश्रमांपुढे गाड्या लागल्या. काय ही माणसं! जिच्या पदराला नाक पुसून मोठे झाले, तिच्याच पदराचा वास येतो म्हणून नाकाला रुमाल लावायला लागले. कुणी विचारलं तर सांगायचे, काय करणार, सहन होत नाही. आणि खरंच होत नव्हतं, हेच तर सगळ्यात घाण.

हेमांगीला हे सगळं दिसत होतं, पण ते बातमीत दिसावं तसं. एके दिवशी ते जेवणाच्या टेबलावर आलं.

अण्णांनी नेहमीसारखा आमटीभाताचा घास कालवला आणि तन्मयीच्या तोंडाशी नेला. "आ कर, चिमणे."

तन्मयीने तोंड उघडलं, घास घेतला, आणि तिचा चेहरा वेडावाकडा झाला. तिने घास ताटात थुंकला आणि त्यावरच भडाभडा ओकली.

"अगं, काय झालं? खारट झालं का?" अण्णा पाठीवर हात फिरवायला पुढे झाले.

"हात नका लावू!" पोरगी किंचाळली. "तुम्हाला त्याचा वास येतो! उंबऱ्याखालच्याचा!"

मैत्रिणीच्या घरी सगळ्या पोरींनी मिळून चोरून मालिका पाहिली होती. काही भागच, पण तेवढे पुरले होते. अण्णांचा हात हवेत तसाच राहिला, बोटांना भात चिकटलेला. हेमांगी धावली ती तन्मयीकडे. तिला उचलून न्हाणीघरात नेताना ती अण्णांच्या अगदी जवळून गेली, आणि तिचा स्वतःचा श्वास आपोआप थांबला. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की गेले कित्येक दिवस आपण या माणसाजवळून जाताना श्वास रोखतोय. रोज सकाळी त्यांच्या खोलीच्या खिडक्या सताड उघडतोय. "थंडी वाजते गं," म्हणून ते घोंगडी लपेटून बसतात आणि आपण "हवा खेळती पाहिजे, अण्णा" म्हणतोय. चाफेकरबाईंसारखंच!

दुसऱ्या दिवशी ती तणतणत निमिषच्या खोलीत गेली. तिथे टेबलावर गुलाबी वेष्टनातल्या साबणाच्या वड्या रचल्या होत्या. 'शुचिरा. खास ज्येष्ठांसाठी. नातवंडं पुन्हा जवळ येतील.'

"गंधपेटीवाल्यांनीच काढलाय," निमिष हसत म्हणाला. "मालिकेच्या मध्ये जाहिरात येणार. एक वडी ने तुझ्या वडिलांना."

हेमांगीने वडी हुंगली. नोनेनाल कशानेच जात नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. या साबणाने ते फक्त गुलाबाखाली दडपलं जात होतं. म्हणजे आता गुलाबही नासणार.

"निमिष, हे आपण केलंय. माझी मुलगी तिच्या आजोबांच्या हातचं खात नाही. शेवटचा भाग बदलू या. तो म्हातारा समोर येऊ दे, त्याचा चेहरा दिसू दे. ते आम्ल काढून टाकते मी. वास राहील, मळमळ नाही. असं वारंवार दाखवलं तर लोकांचं पोट हळूहळू निवळेल."

"आणि पुढच्या वर्षीची मालिका? आणि साबण?"

"म्हाताऱ्यांना घराबाहेर काढतायत लोक!"

"हे बघ, आपण गोष्ट सांगितली. घाण लोकांच्या पोटात आधीपासून होती. आपण नुसता वास दिला." तो शांतपणे वडी वेष्टनात परत घालत होता. "आणि तो वास कुणी आणला गं? मी तुझ्या घरी आलो होतो का, घोंगडी मागायला?"

 हेमांगी बाहेर पडली. तिला त्याची किळस आली होती, पण घोंगडी तर तिनेच नेली होती. आपलेच दात, आपलेच ओठ.

ती घरी आली तेव्हा न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता. अण्णांची त्या दिवशीची कितवी आंघोळ होती कोण जाणे. खूप वेळ झाला म्हणून तिने हाक मारली, दार ढकललं. अण्णा पंचा नेसून पाटावर बसले होते. हातात भांडी घासायचा काथ्या होता. दंड, छाती, मान, जिथे हात पोचेल तिथे त्यांनी कातडं घासून काढलं होतं. म्हातारी कातडी ती, कागदासारखी. लाल होऊन जागोजागी रक्त आलं होतं, आणि गुलाबी फेस त्यावरून ओघळत होता. कोपऱ्यात शुचिराची वडी. खालच्या दुकानातून त्यांनी स्वतःच आणली होती.

"अण्णा! काय करताय हे?"

"अजून येतोय का गं?" त्यांनी मान वर करून विचारलं. "मला कळत नाही ना. तू सांग. गेला का?"

हेमांगीने नळ बंद केला आणि सगळं सांगितलं. घोंगडी, आम्ल, डुलणारं चित्र, सगळं.

"तुम्हाला काही झालेलं नाही, अण्णा. तुम्ही स्वच्छ आहात. घाण मी केली."

अण्णांनी काथ्या खाली ठेवला. मग ते उठले, अंगावर पाणी घेतलं, पंचा पिळला.

"आणि बाहेरचं दार?" त्यांनी विचारलं.

"ठेवलं नाही."

"ठेवलं नाहीस! अगं, नासके! कुणाची पोर तू?" आयुष्यात त्यांनी तिच्यावर हात उगारला नव्हता, तो त्या दिवशी उगारला. मग रक्ताळलेल्या दंडाकडे बघून खाली घेतला. "पोरं आत घेतलीस आणि कडी लावलीस. थू!"

ती रडली, पण अण्णांनी समजूत घातली नाही. संध्याकाळी मात्र ते आपणहून तिच्यासमोर येऊन बसले. त्यांच्या डोळ्यांत जुनी चमक होती.

"शेवटचा भाग तुझ्याच हातून जातो ना?"

"वासाचा पट माझ्या हातून जातो. चित्र जुळवणारा भिसेही माझं ऐकेल. त्याच्या आईला त्याच्याच बायकोने..." ती थांबली. "ऐकेल तो."

"मग मीच येतो की टीव्हीवर! घोंगडी काढून, तोंड दाखवून. गोळी घेऊन येतो. गोळीचा वास देता येतो ना तुला? संत्र्याच्या गोळीचा वास आला की पोरांना कळंल, खेळ संपला."

हेमांगी चाचरली. इतक्या मळमळीवर एका भागाचा उतारा पुरेल का, तिला खात्री नव्हती. पण अण्णा हट्टाला पेटले होते. सगळ्या महाराष्ट्राला चेहरा दाखवायचा मोह त्यांनाही आवरत नव्हता, खोटं कशाला बोला! आणि वडिलांना 'नाही' म्हणायचं तोंड तिला उरलं नव्हतं.

भिसेने गुपचूप अण्णांचं चित्रण करून शेवटाला जोडलं आणि शेवटचा भाग घरोघरी गेला. अखेरच्या प्रसंगात पायथ्याशी घोंगडी हलली, ती बाजूला सारून अण्णा उठले, हसले. "अरे, मीच होतो! बघा, हाच का तो?" त्यांनी हात पुढे केला. पेट्यांमधून आधी घोंगडीचा मंद वास आला, आणि त्यावर संत्र्याच्या गोळीचा.

निमिषने सकाळीच हेमांगीला कामावरून काढलं. त्याची तिने पर्वा केली नाही. ती बघत होती लोक काय म्हणतात ते. लोक म्हणत होते, भूत शेवटी दिसलं, काय किळसवाणं होतं! आणि आठवड्याभरात दुसरं ऐकू यायला लागलं. पोरं संत्र्याच्या गोळ्या थुंकत होती. खालच्या दुकानदाराने बरणी आत ठेवून दिली. "काय झालंय कुणास ठाऊक, ताई," तो म्हणाला, "गोळी तोंडात घातली की पोरांना उमासे येतात."

हेमांगीला कळायचं ते कळलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. गोडाने किळस धुतली गेली नव्हती, किळसच गोडाला चिकटली होती. शिकलेलं पोट नवी गोष्टही जुन्याच खात्यात टाकतं. पुस्तकात होतं हे, परीक्षेत तिने लिहिलंही होतं.

तिने हे अण्णांना सांगितलं. पेटाऱ्यातून त्यांनी गोळ्यांची पिशवी काढली, हातात वजन केल्यासारखी धरली.

"माझीच हौस नडली," ते म्हणाले. "जत्रेत मी एकेकाला देत होतो. डोळ्यांत बघून. एखादं पोर घ्यायचं नाही, तर पुढच्या वर्षीच्या जत्रेत घ्यायचं. असं डब्यातून फेकून होतं होय?"

दुसऱ्या दिवसापासून तन्मयीच्या शाळेतून यायच्या वेळी अण्णा फ्लॅटच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसू लागले. घोंगडी पांघरलेली, चेहरा उघडा, तळहातावर गोळी. पहिल्या दिवशी तन्मयी जिन्यातच थांबली, नाक धरून भिंतीला घासत आत पळाली. अण्णांनी तिला हाक मारली नाही. गोळी खिशात टाकली. चाफेकरबाई वरून उतरताना म्हणाल्या, "अहो, लोकांना जा-ये करायची असते इथून!" अण्णा त्यांच्याकडे बघून असे काही हंबरले की बाई परत वर गेल्या. तन्मयीने ते आतून ऐकलं आणि फिसकन हसली.

असेच दिवस गेले. कधी ती लांबून गोष्ट विचारायची. कधी ओठ घट्ट मिटून समोरच्या पायरीवर बसायची. तिथून उठून आत जायची, ओकून यायची, परत बसायची. पोर चिवट होती. दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली तेव्हा एकदा ती जिना चढून आली, खुर्चीपाशी उभी राहिली आणि हात पुढे केला.

"द्या."

अण्णांनी गोळी तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती तोंडात टाकली. डोळ्यांत पाणी आलं, गाल फुगले. मग गिळल्याचा आवाज आला.

"वास येतोय अजून," ती म्हणाली. "पण तुमचा येतोय."

आणि घोंगडीचा पदर उचलून ती त्यांच्या मांडीवर चढली. अण्णा ढसाढसा रडले.

हेमांगी दारात उभी होती. तिचेही डोळे भरून आले. तन्मयीने काही भाग पाहिले होते, हेमांगीने तो वास शंभरदा पोटात घेतला होता. दारातून येणाऱ्या त्या उबदार, जुनाट, लोकरीच्या वासाने तिच्या घशाशी आंबट आलं. तिने ते गिळलं. आपल्या बापाच्या वासाने आपल्याला ओकारी येते आहे, आणि समोर आपली पोर त्याच्या छातीवर नाक घासते आहे. तिला स्वतःची अशी घृणा वाटली की भिंतीवर डोकं आपटावं.

"ये की तूही," अण्णा म्हणाले. त्यांनी दुसरी गोळी काढून हात लांब केला. "घे. तुझी राहिली होती."

ती पुढे झाली. खाली बसून तिने गोळी घेतली, तोंडात टाकली, श्वास रोखून त्यांच्या खांद्यावर कपाळ टेकलं आणि मग मान वर करून हसली. चांगलं हसली. तन्मयीला काहीच कळलं नाही.

अण्णांना नाक नव्हतं. पण अंधारातून उजेडात येणारे चेहरे बघण्यात त्यांचा जन्म गेला होता. खेळ संपल्यावर कोण खरं हसतं आणि कोण आईने सांगितलं म्हणून हसतं, हे त्यांना लांबून कळायचं. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांनी हळूच तिचा खांदा आपल्यापासून बाजूला केला आणि तन्मयीभोवती घोंगडी नीट लपेटून घेतली.

"जा, हेमा," ते म्हणाले, "खिडकी उघड. मला नाही वाजत थंडी."